मागच्या फळीची खूण

भाषा माणसात आली कशी, हे ताई पंधरा वर्षं कॉलेजात शिकवत होती. "समोर नाही त्याबद्दल सांगता आलं, की भाषा सुरू झाली," असं दर वर्षी वर्गाला सांगायची. तिची धाकटी भावंडं, एक भाऊ आणि एक बहीण, जन्मापासून बहिरी. दोघांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही. आईच्या लाँड्रीत वाढली, तिथंच इस्त्री करायला लागली, आणि आपसांत हातवाऱ्यांनी बोलायची. ताई त्याला भाषा म्हणत नसे.

आई गेल्यावर महिन्याभराने ती लाँड्रीत आली. बहिणीने नाकावर बोट वर सरकवलं. चष्मा सावरणारी आई. भाऊ हसला.

"यांना आई गेल्याचं कळलंच नाही का हो?" तिने दारात उभ्या शेजारच्या शिंप्याला विचारलं.

"कळलंय की. नंतर हात खांद्यावरून मागे गेला, तो नाही पाहिलात? इस्त्री झालेले कपडे मागच्या फळीवर टाकतात, त्यावरून आधी ती 'तयार'ची खूण होती. मग 'संपलं'ची झाली. आता कालचं सांगायचं तरी तीच."

"कुणी ठरवलं हे?"

"कोण ठरवणार? बोलता बोलता झालं."

काखेत कळसा नि गावाला वळसा, ताई पुटपुटली. वही काढली आणि तशीच पिशवीत ठेवली.

तिने हात खांद्यामागे नेला, मग आईची खूण केली, स्वतःकडे बोट दाखवलं, दोन मुठी एकमेकींवर आपटल्या. बहिणीने 'नाही' म्हणून मान हलवली आणि तिचा हात धरून शिकवलं, खांद्याची खूण शेवटी. ताईने पुन्हा केलं. आई, मी, भांडण, मागे पडलेलं. आईशी तिचं शेवटचं बोलणं ते भांडणच होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

भावाने इस्त्री उभी ठेवली. आईची खूण केली. ताईकडे बोट. मग फोन धरल्यासारखा हात कानाशी नेला, खाली ठेवला. पुन्हा नेला, पुन्हा ठेवला. असं चारदा. शेवटी हात खांद्यामागे.

म्हणजे भांडणानंतर आईने तिला लावायला चारदा फोन उचलला होता. लावला एकदाही नव्हता.

ताई कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली. डोळे पुसून झाल्यावर तिने भावाला हातानेच विचारलं, अजून काय? तो सांगू लागला. तिला निम्मं कळेना, आणि ती त्याला पुन्हा पुन्हा करायला लावत राहिली.