वर की खाली

वसंतात आर्विडला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, चेहऱ्याची ती बाजू ओघळली आणि शब्द बिथरले. कॉफी गार झाली की तो म्हणायचा, "भाजलं." कालच्याला उद्या म्हणायचा. नेहमीच उलटं बोलला असता तर त्याच्या बायकोने, मार्लिसने, आपलं ते सुलट करून घेतलं असतं. पण कधीकधी तो अगदी बरोबर बोलायचा, आणि तिथेच तिची पंचाईत व्हायची.

सप्टेंबरात, नदीकाठची झाडं पिवळी पडायला लागली तेव्हा, एका सकाळी त्याने खुंटीवरची, पाण्यात उतरताना घालायची लांब रबरी विजार ओढून काढली आणि तिच्या मांडीवर टाकली.

"घरी," तो म्हणाला.

"अरे, घरीच तर आहोत."

"घरी!" त्याने डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटली.

मार्लिसला उमगलं. त्याला नदीवर जायचं होतं.

टेल्क्वा गावाच्या खालच्या अंगाला बल्कली नदीचा एक लांब पट्टा आहे. वरच्या टोकाला पाणी खडकांवरून धावतं, खाली जाऊन संथ होतं. समुद्रातून परतणारे स्टीलहेड मासे या पट्ट्यात विसावतात. लग्न झाल्यापासून वरचं पाणी आर्विडचं, खालचं मार्लिसचं. आर्विडनेच तसं ठरवलं होतं. गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी प्रवाहात आडवी कशी झुलवायची हेही त्यानेच शिकवलं होतं. पाणी धावतं असेल तर दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायची, म्हणजे माशी सावकाश जाते. संथ असेल तर खालच्या बाजूला, म्हणजे तिला ओढ मिळते.

आज मात्र त्याने काठी टेकत टेकत तिला वरच्या टोकाला नेलं आणि स्वतः घडीच्या खुर्चीवर बसला.

मागून शेजारचा डेल्बर्ट गळ घेऊन आला. "काय गं मार्लिस, आज एवढी वर? तुझी जागा खाली ना?"

"जागेवर माझं नाव कोरलंय का?"

"बरं बाई, तू पुढे हो. मी येतो मागून."

ती मांडीएवढ्या पाण्यात उतरली. पायाखालचे गोटे सरकत होते. तिने माशी पलीकडे फेकली आणि शिकवल्याप्रमाणे दोरी वर टाकायला हात उचलला.

"खाली!" काठावरून आर्विड ओरडला. "खाली! खाली!"

खाली? या धावत्या पाण्यात? तिने वळून पाहिलं. तो डावा हात हलवत होता, पण तो वर दाखवत होता की खाली, तेही कळेना. शेवटी तिने, होईल ते होईल म्हणून, दोरी खाली टाकली. दोरीला मोठा बाक आला आणि माशी प्रवाहात भरधाव निघाली. असल्या माशीला कोण विचारतंय, असं ती मनाशी म्हणतेय तोच हातातल्या गळाच्या लांब काठीला असा हिसका बसला की तिचा तोल गेला. दोरीचं रीळ किंचाळत सुटलं.

"सोड!" आर्विड ओरडला. "सोड, सोड!"

"धर म्हणतोयस की सोड?"

"सोड!"

"अगं, त्याला काय विचारतेस? माशाला विचार!" डेल्बर्ट हसत आपली दोरी गुंडाळू लागला.

तिने दोरी जाऊ दिली. मासा पाण्याबाहेर उसळला, खाली पळाला, पुन्हा उसळला. त्याच्या मागे मार्लिस ठेचकाळत काठाकाठाने संथ पाण्यापर्यंत गेली. दंड भरून आले तेव्हा कुठे तो उथळात आला. मादी होती, चांदीसारखी, गालांवर गुलाबी झाक. मार्लिस वाकते आहे तोवर शेजारी पाणी उडालं. आर्विड! काठाने तिच्यामागे खुरडत येऊन, काठी तिथेच टाकून तो बुटांसकट पाण्यात शिरला होता. धापा टाकत त्याने डाव्या हाताने शेपटीपाशी मासा धरला. मार्लिसने गळ सोडवला; इथले स्टीलहेड परत पाण्यातच सोडायचे असतात. मासा क्षणभर त्याच्या मुठीत थांबला, मग निघून गेला.

"आर्विड, खरं सांग," ती म्हणाली. "तुला वर म्हणायचं होतं की खाली?"

"खाली," तो म्हणाला आणि नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे चुकून बोललास?"

त्याने वरच्या धावत्या पाण्याकडे पाहिलं. तिच्या मनात भलतंच काही आलं आणि तिला ते गिळता येईना.

"की इतकी वर्षं मला उलटं शिकवलंस? चांगलं पाणी स्वतःला ठेवून मला खाली पिटाळत होतास?"

"हो," आर्विड म्हणाला. त्याच्या चेहऱ्याची चांगली बाजू थरथरली. तो हसतोय की रडतोय, तिला कळेना. तिला एक सणसणीत शिवी द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी धरलेला त्याचा ओला हात सोडवेना.

डेल्बर्टच्या मदतीने तिने त्याला गाडीत बसवलं, भिजलेले बूट उपसून काढले, पाय आपल्या स्वेटरमध्ये गुंडाळले आणि हीटर लावला. थोड्याच वेळात तो घोरू लागला. ती स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतीच बसून राहिली. तो खोटारडा होता, की आजारी, की दोन्ही? आणि मासा लागला तेव्हा आपल्याला एवढा आनंद का झाला होता?

डेल्बर्टने काचेवर टकटक केली. "ठीक आहात ना दोघं?"

"काय की," मार्लिस म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.