सरकारी झाडू

लिअँडर पार्डीनं केक भाजायचा, काळा रंगवलेला पत्रा दाराबाहेर धरला आणि मनात साठपर्यंत आकडे मोजले. दाणे टणटण पडले, उडाले, घरंगळून गेले. एक दाणा त्यानं दाताखाली फोडून पाहिला.

"बर्फकण," तो आत येऊन म्हणाला. "पण आत थेंब आहे अजून. वरची ऊब वाढतेय."

"रेडिओवर सकाळपासून हिम, बर्फकण, पाऊस, सगळंच सांगतायत," त्याची बायको एफी म्हणाली. "असं भाकीत मीही करीन. आज जेवायला मासे, मटण किंवा काहीच नाही."

लिअँडर हसला नाही. स्केट हार्बरच्या धावपट्टीवर तो एकवीस वर्षं हवामान निरीक्षक होता. दर तासाला आभाळ बघायचं, काय पडतंय ते ठरवायचं आणि कळवायचं. त्याची एकही नोंद आजवर चुकीची निघाली नव्हती. पेन्शनला दोन वर्षं उरली होती. आणि तीन दिवसांपूर्वीच्या विमानातून आपोआप हवामान नोंदवणारं ते यंत्र आलं होतं: तीन पाय, एक डोळा.

यंत्राबरोबर मिस थेरियो नावाची तरुण इंजिनिअर आली होती. गावात हॉटेल नसल्यामुळे लिअँडरची नोकरी घालवायला आलेली ही मुलगी लिअँडरच्याच घरी उतरली होती. बहात्तर तासांची चाचणी होती. तेवढा वेळ फक्त यंत्राच्याच नोंदी बाहेर जाणार होत्या. यंत्र पास झालं, तर एप्रिलपासून केंद्रावर माणूस नको. नापास झालं, तर ते परत जाणार आणि पाच वर्षं पुन्हा येणार नाही.

"पास झालं, तर आमचं काय?" एफीनं पहिल्याच दिवशी जेवताना विचारलं होतं.

"मिस्टर पार्डींना झोप मिळेल," थेरियो नम्रपणे म्हणाली होती.

एफीनं तिला पातेल्यातला सगळ्यात लहान बटाटा वाढला होता.

आता अडुसष्ट तास झाले होते. दोन रात्री जागून थेरियो आतल्या खोलीत झोपली होती. लिअँडर चहा घेत होता आणि दाणे खिडकीवर टकटक करत होते. मग टकटक थांबली.

दोघांनीही मान वर केली. वरच्या उबेत हिम वितळतं. खालच्या थंड हवेचा थर जाड असला, तर थेंब वाटेतच गोठून वाजत येतात. तो पातळ असला, की पाणी गुपचूप येतं आणि ज्याला शिवेल त्याची काच करतं. तारांची, पायऱ्यांची, यंत्राच्या डोळ्याचीसुद्धा.

लिअँडरनं थेरियोनं टेबलावर मांडलेला यंत्राचा पडदा पाहिला. त्यावर लिहिलं होतं: आभाळ निरभ्र. पडत काही नाही.

"बस खाली," एफी म्हणाली. "चारच तास राहिलेत. आंधळं झालंय ते. होऊ दे."

तो बसला. चहात साखर घातली, पुन्हा घातली. मग फोन वाजला. किनाऱ्यावरच्या पुढच्या केंद्रातला गस होता.

"काय रे लिअँडर, तुमच्याकडे ऊन पडलंय म्हणे. आमच्याकडे दार उघडेना, एवढा बर्फ चढलाय. उरलं तर थोडं ऊन पाठव."

"माझी नोंद नाही ती."

"नाव तर स्केट हार्बरचंच आहे, बाबा."

लिअँडरनं फोन ठेवला आणि दारामागचा झाडू घेतला. एफीनं त्याचा कप उचलून धुवायला घेतला. बोलून उपयोग होता, तेव्हा ती बोलली होती.

तो गोठलेल्या वाटेवरून रांगतच बाहेरच्या यंत्रापर्यंत गेला. दांड्यानं हलके ठोके देऊन त्यानं डोळा मोकळा केला. पडद्यावर उमटलं: गोठता पाऊस. पुढच्या चार तासांत तो आणखी तीनदा गेला, दोनदा आपटला.

बहात्तर तास भरले तेव्हा थेरियो डोळे चोळत उठली आणि नोंदी पाहून खूश झाली. "एकही चूक नाही," असं म्हणत ती अहवाल लिहायला बसली. एफीनं टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली.

"झाडू मारला मी त्याला," लिअँडर म्हणाला. "चारदा. नाहीतर ते निरभ्र म्हणत होतं."

थेरियोचं पेन थांबलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग का गेलात?"

"चुकीचं होतं ना ते."

थेरियोनं पेन पुन्हा उचललं. डोळे भरून आले तिचे, असं एफी पुढे सांगायची, आणि प्रत्येक वेळी थुंकायची. मग तिनं लिहिलं आणि त्याचा मान राखायचा म्हणून मोठ्यानं वाचूनही दाखवलं: यंत्र योग्य. बर्फ साचल्यास झाडूची आवश्यकता. स्थानिक रहिवासी हे काम स्वखुशीने करतात.

एप्रिलमध्ये लिअँडर घरी बसला. मे महिन्यात विमानातून झाडू आला. दांड्यावर सरकारी क्रमांक कोरला होता. पोचल्याची सही लिअँडरलाच करावी लागली.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी खिडकीवरची टकटक पुन्हा थांबली.

एफीनं विणकाम ठेवलं, खुर्ची उचलली आणि दाराला टेकवून तीत बसली.

"चारला तास भरतो, नोंद जाते," लिअँडर म्हणाला.

"भरू दे."

तो फोनकडे पाहत राहिला. फोन वाजला नाही. गसच्या जागीही आता यंत्रच होतं, आणि यंत्रं एकमेकांची टिंगल करत नाहीत. स्केट हार्बरला ऊन पडलंय, हे त्या अख्ख्या किनाऱ्यावर कुणालाच खटकत नव्हतं.

चारला दहा मिनिटं असताना त्यानं बूट ओढले आणि घरचा झाडू उचलला. एफीनं खुर्ची बाजूला घेतली.

"सरकारी ने," ती म्हणाली. "आपला कशाला झिजवायचा."