बिनआंघोळीची दिवाळी

नरकचतुर्दशीची पहाट, आणि मी आंघोळ केली नाही. हो, मुद्दाम! बुधवार पेठेतल्या आमच्या बोळात तांब्या-घंगाळांचा खणखणाट चालला होता, आणि मी, सोजरबाई गवतवाली, भरलेल्या रांजणावर झाकण घालून दारात बसले होते.

शेजारचे यज्ञेश्वरभट ओला पंचा पिळत बाहेर आले. "सोजरबाई, आज जो आंघोळ करत नाही तो नरकात जातो, ठाऊक आहे ना?"

"जाईन की. वाट तुम्ही सांगालच."

"बाईमाणसाला इतकी जीभ बरी नव्हे," म्हणाले आणि आत गेले.

माझी जीभ अशी का झाली ते सांगते. चार वर्षांपूर्वी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते. पहाटे सगळ्या पेठेने अभ्यंगस्नानं केली आणि पेठेचा हौद तळाला गेला. कात्रजच्या तळ्याचं पाणी नळातून येतं खरं, पण हौद पुन्हा भरायला दुसरा दिवस उजाडतो. संध्याकाळी दारोदार पणत्या लागल्या, वर शोभेची दारू. आमच्या छपरावर ठिणगी पडली तेव्हा अख्ख्या बोळात घागरभर पाणी नव्हतं. आमचे मालक बैल सोडवायला गवताच्या वखारीत शिरले, ते बाहेर आलेच नाहीत. भावकी म्हणाली, नशीब. कसलं मेलं नशीब! रिकामे रांजण होते ते.

यंदा पुन्हा दोन्ही सण एकाच दिवशी. आणि घरात माझी लेक प्रेमला, नऊ दिवसांची बाळंतीण, गवताच्या छपराखाली.

दसऱ्यापासून मी घरोघर सांगत होते, सकाळी आंघोळी कमी पाण्यात उरका, दारी दोन घागरी राखून ठेवा. लोक हसले. म्हणाले, सोजरबाईला आगीचं वेड लागलंय. समोरची मदिनाबी तेवढी ऐकून घ्यायची. तिच्या घरी ही आंघोळ नाही, त्यामुळे तिचा रांजण भरलेलाच होता. मी गोणपाटं भिजवून ठेवली, लांब बांबूला लोखंडी आकडी बांधली, आणि प्रेमलाची बाज आतल्या खोलीतून काढून दारापाशी आणली. त्यावरही ओरड झालीच, बाळंतिणीला वारं लागेल म्हणून. म्हटलं, वारं लागलं तर वेखंड आहे. आग लागली तर काय उगाळू?

दिवेलागणीला यज्ञेश्वरभटांच्या जावयाने बाण सोडला. वर जायचा तो आडवा गेला आणि भटांच्याच गोठ्याच्या छपरात घुसला. गोठ्याची आणि आमच्या घराची भिंत एकच.

"पाणी! पाणी!" एकच बोंब उठली. माणसं घागरी घेऊन हौदाकडे पळाली, आणि घागरी तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज बोळापर्यंत आला. भटांचं तांब्याचं घंगाळ अंगणात उभं होतं, चिंचेने घासून लखलखीत आणि ठणठणीत कोरडं.

"प्रेमला, पोर घे आणि मदिनाबीकडे पळ!" ती पळाली. तेव्हा क्षणभर वाटलं, रांजण आपल्याच छपरावर ओतावा, भटांचं भट बघतील. पण गोठा पेटला असता तर बोळ गेला असता. आणि आत गाय हंबरत होती. मला आमचा बैल आठवला.

"जावईबापू, रडताय काय? ती आकडी घ्या, पेटलेलं गवत खाली ओढा!"

त्यांनी ओढलं. मी खाली पडलेल्या जाळावर गोणपाटं टाकली, रांजण उपसून छपरावर पाणी मारलं. रांजण संपला तरी एक कोपरा धुमसतच होता. तेवढ्यात मदिनाबी घागर घेऊन धावत आली आणि भटांच्या उंबऱ्याशी थबकली. ब्राह्मणाच्या गोठ्यात तिचं पाणी कसं चालायचं?

मी भटांवर खेकसले, "बघत काय बसलात? आगीला विचारा, तिला कुणाचं पाणी चालतं!"

यज्ञेश्वरभट पुढे झाले, मदिनाबीच्या हातातली घागर स्वतः घेतली आणि छपरावर रिकामी केली. मग दुसरी मागितली. मग तिसरी.

आग विझली. गाय वाचली, आमची भिंत तेवढी काळी झाली. प्रेमला मदिनाबीच्या ओसरीवर पोराला पाजत होती. ते पाहिलं आणि मी तिथंच फतकल मारून रडले. चार वर्षं रडले नव्हते. जो तो माझ्याकडे बघत होता, बघेनात का!

पाडव्याला भट दारात आले. आमच्या काळ्या भिंतीवर त्यांनी बोट फिरवलं.

"सोजरबाई, पुढच्या वर्षी आमचंही एक घंगाळ राखून ठेवणार आहे. दोन सण एका दिवशी येवोत न येवोत."

"ठेवा. पण घरात माणसं सात. आंघोळीवाचून कोण राहणार?"

"मीच," ते पुटपुटले.

"आणि नरकाचं काय?"

भटांनी बोटाची काजळी पंचाला पुसली.

"या खुशाल," म्हटलं, "शेजारी तर आपण इथंही आहोतच."