कार्डाचा हिरवा दिवा

सकाळचा उजेड आमच्या खोलीत एकदम येत नसे. आधी तो खिडकीच्या गजांवर जरा रेंगाळे, मग दोऱ्याच्या रिळांवर उतरे. त्यातही पांढऱ्यांवर आधी आणि काळ्यांवर सर्वांत शेवटी. तिथून भरतकामाच्या यंत्रावरून घरंगळत तो टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपपाशी येऊन थांबे. लॅपटॉप तेव्हा सुरू होत असे. त्यामुळे आम्हीही थांबलेलेच असू.

लॅपटॉपच्या कडेला एक खाच होती आणि तिच्यात पत्त्याएवढे एक कार्ड. आईने बेतलेली नक्षी त्या कार्डातून यंत्राकडे जाई. कार्डाचा हिरवा दिवा लागला की यंत्र चाले. पण सकाळी तो आपणहून कधीच लागत नसे. मग आई कार्ड उपसून काढी, त्यावर फुंकर मारी आणि पुन्हा बसवी. दिवा लागे.

फुंकरीने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, लोड होत नाही, हे मी तिला शक्य तितक्या नम्रपणे अनेकदा सांगितले होते. लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली मी घातली होती. तो सुरू होताना आपोआप चालणारी आज्ञांची यादी, म्हणजे स्क्रिप्ट, तीही माझीच होती, आणि मी रोज तिच्यात काही ना काही सुधारत असे.

"ह्याच्या बेचाळीस ओळी," मावशी सुईत दोरा ओवत म्हणे, "आणि ताईची एक फुंकर."

परगावच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती. रुजू होण्याची तारीख मी दोनदा पुढे ढकलली होती, आणि आज दुपारी बारापर्यंत अखेरचे उत्तर द्यायचे होते. कार्ड मार्गी लावल्याशिवाय घर सोडणे बरे नव्हे, असे मी सर्वांना सांगत असे. कंपनीलाही तेच कळवले होते. त्यांनी कार्डाला शुभेच्छा दिल्या होत्या.

आईने दवाखान्याच्या कोटांच्या खिशांवर नावे भरायला घेतली होती. "तू जा रे," ती म्हणाली. "मी फुंकर मारीन."

"आणि तिने नाही भागलं तर?"

"मग मावशी मारेल. बोलून बोलून तिचा दम चांगला तयार झालाय."

मावशीने हे कौतुक म्हणून स्वीकारले.

सुरू होताना काय काय घडले याची नोंद लॅपटॉप स्वतःच ठेवतो. आजवर ती मी माझी स्क्रिप्ट जिथे येते तिथून पुढे वाचत आलो होतो. त्या दिवशी पहिल्या ओळीपासून वाचली. चौथ्या सेकंदाला लॅपटॉपने कार्ड ओळखले होते आणि योग्य तो ड्रायव्हर दिला होता. सहाव्या सेकंदाला माझी स्क्रिप्ट आली. तिने तो ड्रायव्हर काढून टाकला आणि जुन्या कार्डाचा बसवला. ते जुने कार्ड दीड वर्षापूर्वी जळाले होते. आईने त्याच खाचेत नवे आणून घातले, हे स्क्रिप्टला कुणी सांगितलेच नव्हते. सांगायचे काम माझे होते.

आई कार्ड उपसून पुन्हा बसवी तेव्हा लॅपटॉप ते नव्याने ओळखून योग्य ड्रायव्हर देई; फुंकरीचे रहस्य एवढेच. मी बेचाळीसच्या बेचाळीस ओळी खोडल्या आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. आईने सवयीने हात पुढे केला, गाल फुगवले. हात खाचेपाशी पोहोचण्याआधीच हिरवा दिवा लागला. त्या श्वासाचे काय करावे हे क्षणभर तिला कळेना. शेवटी तिने तो हळूच सोडून दिला.

"जमवलंस की," ती म्हणाली.

"त्रेचाळिसावी ओळ लिहिली वाटतं?" मावशीने विचारले.

"नाही. सगळ्या काढल्या."

मावशीने सुई खाली ठेवली. "म्हणजे फुंकरही नको आणि तूही नकोस."

आईने तिच्याकडे नुसते पाहिले. मावशीला लगेच दोऱ्यातला एक गुंता सापडला आणि ती तो सोडवत बसली. यंत्र खडखडू लागले. पहिल्या खिशावर कुणा अनोळखी डॉक्टरच्या नावाचे पहिले अक्षर उमटले.

पावणेबारा वाजता मी कंपनीला होकार लिहिला. त्यांनी आपल्या पत्रात शेवटी सौजन्याने विचारले होते, कार्डाचे काय झाले. त्याला उत्तर म्हणून मी लिहिले: कार्ड ठीकच होते. मला घर सोडवत नव्हते.