गाळलेलं रडणं

बाजार उठला तरी दिपाली आली नाही, तेव्हा तुळजाबाईंनी उंबऱ्यावरची गोडीशेवेची पुडी उचलून आत ठेवली. समोरच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या स्वप्नालीनं ते पाहिलं. मांडीवरचं लेकरू कधीच झोपलं होतं, तरी ती त्याला थोपटत राहिली.

"दुसरा बाजार झाला गं," तुळजाबाई म्हणाल्या. "कावून येईना पोर? इवाई फोनबी उचलंनात."

दिपाली म्हणजे तुळजाबाईंच्या विजयमालाची लेक, चार वर्षांची. दोन वर्षांमागं विजयमाला सासरे मुकादम असलेल्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेली, उसाच्या फडातच तापानं फणफणली आणि दवाखाना गाठायच्या आत संपली. तेव्हापासून पोर मळ्यातल्या वस्तीवर आजोबांकडं, म्हणजे तुळजाबाईंचे व्याही अंगदराव यांच्याकडं वाढत होती. पण दर बाजारी ते तिला शिरूरला आजीकडं आणून सोडायचे. कधी चुकले नव्हते.

स्वप्नालीला मात्र भलतीच शंका येत होती. ती बायकांच्या बोलीवर पीएच.डी. करत होती. लेकरू झोपलं की लॅपटॉप उघडायचा, गावोगावचे आवाज ऐकायचे, वाक्यावाक्यानं तोडायचे, खाली शब्द लिहायचे, गाव नि विषय टाकायचा. असे अकराशे तुकडे जमले होते. मागच्या महिन्यात तिच्या मार्गदर्शक सरांनी ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले. आता गावाचं नाव टाकलं की कुणालाही ऐकता येत होते.

त्यात तुळजाबाईंचाही आवाज होता, विजयमालाच्या दहाव्याचा. इकडं बाया हेल काढून रडतात. रडणारीच्या तोंडाला कुलूप नसतं. ती ज्याला बोलते, त्यानं मान खाली घालून ऐकायचं. माणसं पाणी पिऊन उठली की ते बोलणं तिथंच मिटतं, पुन्हा कुणी काढत नाही. त्या दिवशी तुळजाबाई अंगदरावांना नको नको ते बोलल्या, आणि सांजेला त्यांनीच त्यांच्या ताटात भाकरी वाढली. रेकॉर्डिंगचं विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "ऱ्हाऊ दे पोरी. तेवढीच माझी माला ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्नाली लेकराला कडेवर घेऊन वस्तीवर गेली. अंगदराव गोठ्यापाशी कडबा सोडत होते. 'या' म्हणाले नाहीत. हात झटकले, खिशातून मोबाईल काढला आणि त्यातलं एक रेकॉर्डिंग लावलं.

तुळजाबाईंचा आवाज आला. स्वच्छ, कोरडा. "माझ्या पाखराला ताप चढला. तुमी फडातून गाडी काढली न्हाई." बस, एवढंच. खाली लिहिलेलं होतं: गाव शिरूर कासार, विषय सासरचा जाच, आरोप सासऱ्यावर.

"नेकनूरच्या पाव्हण्यानं धाडलं," अंगदराव म्हणाले. "'मुकादम, सून मारली व्हय रं?' म्हनतो. हसत हसत."

"मामा, ते दहाव्याचं आहे. तुम्ही होतात तिथं."

"व्हतो की. मी बसून ऐकलं, पोटात घातलं. खरंच व्हतं ते. पर तवा ती रडत व्हती बाई! ह्यात कुठं रडती? ह्यात ती पोलिसापुढं बोलल्यागत बोलती."

तेवढ्यात दिपाली धावत आली. "आजीचा आवाज!" म्हणून तिनं मोबाईलला हात घातला. अंगदरावांनी तो खिशात टाकला आणि पोरीला आत पाठवलं.

घरी येऊन स्वप्नालीनं लेकराला झोळीत घातलं, एका पायानं झोका देत मूळ रेकॉर्डिंग शोधलं. सर म्हणाले होते, 'मागचा कालवा काढा, शब्द ऐकू आले पाहिजेत.' म्हणून तिनं सगळे आवाज एकाच फटक्यात आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढले होते. यंत्राला रडणं आणि पंख्याची घरघर सारखीच. त्यानं हुंदके गाळले, हेल कापला, बाजूच्या बायांचा गलका पुसला. आरोपाचा रकाना तर तिनं स्वतः भरला होता, लेकरू किरकिरत असताना, घाईघाईत.

मूळ आवाजात त्या वाक्यानंतर कुणीतरी पुरुष ढसाढसा रडत होता. अंगदरावच ते. आणि तुळजाबाई रडता रडताच म्हणत होत्या, "पानी द्या गं इवायाला, पानी द्या."

तिनं तुकडा काढून टाकला. 'नक्की काढायचा?' असं स्क्रीननं दोनदा विचारलं. सरांना नंतर कळवलं. मूळ रेकॉर्डिंग अंगदरावांना पाठवलं, लिहिलं, "मामा, चूक माझी आहे. काकूंची नाही." मग समोर जाऊन तुळजाबाईंना सगळं सांगितलं.

"मी तर रडले व्हते गं," त्या म्हणाल्या. "बोलले कवा?"

अंगदरावांचं उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात स्वप्नालीनं लॅपटॉप उघडला नाही.

पुढच्या बाजारी दुपारी मोटारसायकल थांबली. दिपाली उतरली. अंगदरावांनी गाडी बंद केली नाही.

"च्या तरी घ्या, इवाई."

"न्हाई. घाई हाय." खाली बघत ते म्हणाले, "ऐकलं मी सगळं." आणि गेले.

तुळजाबाईंनी नातीला पुढ्यात घेतलं, डोक्याला तेल लावलं. गोडीशेव खात खात पोरीनं विचारलं, "आजी, माझी आई कशी बोलायची?"

स्वप्नाली समोरच्या ओट्यावरच होती. लेकरू मांडीवर, मोबाईल शेजारी.

तुळजाबाईंचं तोंड उघडलं. मग त्यांची नजर ओट्यावर गेली. मोबाईलवर थांबली.

"चल, आत सांगते," त्या म्हणाल्या. पोरीला घेऊन आत गेल्या, आणि भर दुपारी दार लोटून घेतलं.