हजेरीच्या घड्याळाला जे ठाऊक नव्हते

मित्रांनो, मी एक जुने हजेरीचे घड्याळ आहे. आता थकले आहे, म्हणून सावकाश बोलते. घाई असेल त्याने खुशाल उठून जावे. आयुष्यभर लोकांना घाईच करायला लावली, आता पुरे.

माझी पेटी पोलादी, चाके पितळी, आणि तोंडाशी एक फट. कामगाराने त्या फटीत आपले कार्ड सरकवायचे, बाजूचा दांडा दाबायचा, की मी 'ठक्' करून त्यावर वेळ उमटवायचे. मला घडवणाऱ्या कारागिराने मला कानाशी धरले, बराच वेळ ऐकले आणि म्हणाला, "हे कधी खोटं बोलायचं नाही." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे फुशारून गेले होते.

ब्लँकेटच्या एका कारखान्यात, फाटकाजवळच्या खोलीत मला टांगले. माझ्या डाव्या हाताला 'बाहेर' लिहिलेली फळी आणि उजव्या हाताला 'आत' लिहिलेली. सकाळी आठला कार्डे डावीकडून उजवीकडे जात आणि संध्याकाळी परत येत. खोलीत गेटवरच्या मावशी बसत. समोर माल चढवायचा उंच धक्का होता, त्यापलीकडे मागांची शेड, आणि सहा पायऱ्या खाली उतरून रंगखाना.

माझे कौतुक करणारा तिथे एकच माणूस होता, मुकादम. त्याला सगळे पाठीमागे 'मिनिटमास्तर' म्हणत. आठ वाजून एक मिनिट झाले की तो माझ्यापुढे येऊन उभा राहायचा. "घड्याळाला कारणं कळत नाहीत," हे त्याचे नेहमीचे वाक्य. बाकीच्यांना मी डोळ्यांसमोर नको असे. मागावरच्या एक काकू तर रोज मला जीभ काढून दाखवत. मला राग येत नसे. खरे सांगायचे तर दिवसभरात तेवढीच काय ती गंमत.

रंगखान्यात एक रंगारी होता. त्याचे हात कोपरापर्यंत निळे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. त्याच्या म्हाताऱ्या आईला काही आठवेनासे झाले होते. दार उघडे दिसले की ती घराबाहेर पडायची आणि कुठल्या कुठे जायची. बहीण तिला सांभाळायला यायची, पण आठवड्यातून दोनदा बहिणीला पोहोचायला उशीर होई. त्या दिवशी रंगारी साडेनऊ-दहाला यायचा, मागच्या दाराने. आणि सकाळी आठला त्याचा मित्र, मागांची दुरुस्ती करणारा फिटर, आपल्या कार्डाबरोबर त्याचेही कार्ड माझ्या फटीत सरकवायचा. ठक्, ठक्. मावशी तेवढ्यात चष्मा पुसायला घेत. काकू मुकादमाला बोलण्यात गुंतवत. त्या कारखान्याची रीतच तशी होती. अडलेल्याला सांभाळून घ्यायचे आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

मी मात्र प्रत्येक वेळी खोटे छापले. कारागिराचे शब्द आठवून मला अवघडल्यासारखे होई, पण मला विचारतो कोण?

पूर आला त्या दिवशीही फिटरने दोन कार्डे पंच केली. साडेनऊच्या सुमाराला वरच्या अंगाचा नदीचा बांध फुटला. भोंगा वाजला तोवर फाटकातून पाणी आत शिरले होते. आधी घोट्याएवढे, मग गुडघ्याएवढे. लोकांनी आरडाओरडा केला, पण ढकलाढकली केली नाही. हात धरून एकेकाला धक्क्यावर चढवले. मावशींनी स्वतःचा डबा टाकला, छत्री टाकली, आणि उजव्या फळीवरची सगळी कार्डे तेवढी छातीशी धरून धक्का गाठला.

तिथे उभ्या राहून त्या एकेक कार्ड वाचू लागल्या. "आहे." "आहे." "हो, इथंच आहे." मग रंगाऱ्याचे कार्ड आले आणि कुणीच बोलले नाही.

"सकाळी आलाय तो," मुकादम म्हणाला. "आठला पंच आहे. खाली रंगखान्यात असणार."

मी फिटरकडे पाहत होते. मित्र पोहोचला की नाही, हे त्यालाही नक्की माहीत नव्हते. मागच्या दाराने आलाही असेल. आणि सांगितले तर मित्राची नोकरी गेलीच. त्याने ओठ उघडले, मिटले. एवढ्याशा वेळात मुकादमाने बूट काढले, कमरेला दोर बांधला आणि पाण्यात उतरला. हाच तो मिनिटमास्तर, मित्रांनो, ज्याला सगळे दगड समजत.

तो शेडच्या दाराशी दिसेनासा झाल्यावर फिटरला कंठ फुटला. "साहेब, थांबा! कार्ड मी पंच केलंय! तो आला नसेल!" पाण्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? फिटरने दोर धरून उडी घेतली. आतून काहीतरी कोसळल्याचा मोठा आवाज आला.

बऱ्याच वेळाने दोघे बाहेर आले. फिटरच्या पाठीवर मुकादम, आणि मुकादमाचा उजवा पाय नको तिथून वाकलेला. रंगाचे पिंप त्याच्यावर कलंडले होते. रंगखाना रिकामा होता.

पाणी माझ्या तळापासून चार बोटे खाली थांबले. दुपारी रंगारी आला. आईला पाठुंगळी घेऊन तिला बहिणीच्या माडीवर पोहोचवून, छातीभर पाण्यातून आला होता. त्याला पाहून कुणी रडले, कुणी शिव्या दिल्या. धक्क्यावर निजवलेल्या मुकादमाजवळ तो गुडघे टेकून बसला.

"साहेब, माझ्यापायी झालं हे."

मुकादमाने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "जिवंत आहेस ना? मग गप बस," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

पुढचा महिनाभर मला कुणी किल्ली दिली नाही. कपाटातली नवी कोरी कार्डे भिजून लगदा झाली होती. तरीही माणसे रोज येत. घरातला गाळ काढून झाला की कारखान्यातला काढत. मागांचे सुटे भाग पाण्याने धुऊन, तेल लावून, चादरीवर मांडून ठेवत. ज्याचे घर गेले त्याच्याकडे आज कोण जाणार, हे मावशी एका पाटीवर खडूने लिहीत.

मुकादम कुबड्या घेऊन परतला, तेव्हा रंगारी माझ्यासमोरच फरशी खरवडत होता.

"आई कशी आहे?" मुकादमाने विचारले.

"बरी आहे."

"अरे, मला का नाही सांगितलंस?"

रंगारी खाली मान घालून म्हणाला, "सांगितलं होतं, साहेब. दोनदा."

मुकादमाला काही आठवेना. मग त्याने मावशींकडून खडू मागून घेतला आणि पाटीच्या कोपऱ्यात लिहिले : 'रंगारी, दोन दिवस, दहापर्यंत, आई.' ती पाटी माझ्या शेजारी खिळ्याला अडकवली गेली. हळूहळू तिच्यावर सगळ्यांचीच कारणे येऊ लागली. मुकादमाने स्वतःचेही लिहिले : 'पाय. उशीर होईल.'

मी पुन्हा सुरू झाले, पण महिनाभराच्या ओलीने चाके कुरकुरू लागली होती. कुणी तेल घातले नाही. आता मी सामानाच्या खोलीत, तुटक्या खुर्च्यांखाली पडून आहे. तक्रार नाही. गंज चढलेल्याला झोप बरी लागते.

जाता जाता एवढेच सांगते. यंत्रांना वेळच्या वेळी तेल द्या, पुसत जा, आम्ही तुमची जन्मभर चाकरी करू. पण माणूस कुठे आहे आणि कशात अडकला आहे, हे आम्हाला विचारू नका. आम्हाला फक्त वेळ कळते. ते त्यालाच विचारा, मित्रांनो, आणि तो सांगत असताना घड्याळाकडे पाहू नका.