भिंतीपाशी ठेवायची गाठ

आमच्या कापसाच्या कारखान्यात एक शब्द तोंडातून काढायचा नाही. विडी-काडी गेटवरच काढून घेतात, ते वेगळं. हा शब्दसुद्धा आत आणायचा नाही. नवा गडी चुकून बोललाच तर म्हाताऱ्या जिनवाल्याची टपली त्याच्या टाळक्यात बसलीच म्हणून समजा. आम्ही बोलत नाही, हात वर करतो, पंजा उघडून. एकानं केला की सगळे करतात आणि जिन बंद.

काय होतं, सांगतो. कापसाच्या ढिगातून एखादा खडा येतो, नटबोल्ट येतो. जिनमध्ये सरकी वेगळी आणि रुई वेगळी निघते, तिथं तो लोखंडाला घासतो. ठिणगी उडते आणि रुईबरोबर पाइपातून सरळ माझ्याकडे प्रेसवर येते. मी दाबतो, पट्ट्या मारतो, गाठ तयार. ठिणगी आत. वाटतं, दाबली म्हणजे विझली असणार. कसली विझते! आत बसून खात राहते. आज नाही, उद्या नाही, मग एखाद्या दिवशी तोंड उघडते. म्हणून हात वर झाला की त्या वेळच्या गाठी गोडाऊनमध्ये जात नाहीत. आवाराच्या टोकाला उघड्यावर एक भिंत आहे, तिथं एकेकट्या बसवून ठेवायच्या. बऱ्याच दिवसांनी थंड वाटल्या तरच आत.

हे सगळं आम्हाला पाठ. पण ते मगबाईला कुणी सांगितलं नाही.

मगबाई म्हणजे सॉफ्टवेअरवाली. मालकानं सगळा कारखाना संगणकावर घालायचा ठरवला आणि ही पोरगी लॅपटॉप घेऊन आली. आधी तुमचं काम समजून घेते म्हणाली. गेटपासून काट्यापर्यंत, काट्यापासून जिनपर्यंत प्रत्येकाच्या शेजारी स्टूल टाकून बसायची. आम्ही काही सांगितलं की म्हणायची, "मग पुढे?"

"हिच्या नवऱ्याची काय गत होत असेल," माझा मेहुणा म्हणायचा, "बिचारा जेवलो म्हणत असेल, ही म्हणत असेल, मग पुढे?"

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गाठी उचलायची गाडी चालवतो. हात सोन्याचे, डोकं उसनं. त्यानं तर दुपारी कुठल्या ढिगामागं झोपतो तेसुद्धा बाईला सांगून टाकलं. आम्ही सगळ्यांनी सगळं सांगितलं. ओला कापूस कसा पसरायचा, हलकी भरलेली गाठ परत कशी फोडायची, सगळं. भिंतीचं सांगायचं तर तो शब्द काढावा लागला असता. मुद्दाम कुणी लपवलं नाही हो, जीभच तिकडं वळत नव्हती. एकदा तिनं वर झालेला हात पाहिला आणि विचारलं, "हे काय?" जिनवाला म्हातारा म्हणाला, "बगलेत खाज सुटली होती." ती हसली आणि पुढं गेली.

मग ते चालू झालं. प्रत्येक गाठीवर चिठ्ठी. मेहुण्याच्या गळ्यात एक यंत्र, गाठ कुठल्या रांगेत लावायची ते सांगणारं. तिथं लावून चिठ्ठीवर धरेपर्यंत ते किंचाळत राहायचं. आणि गोडाऊनमधल्या जुन्या गाठींना चिठ्ठ्या लावायला बाईला माणूस हवं होतं. माझी थोरली शाळा संपवून घरी बसलेली. घेतलं तिला. तिच्या आईला केवढा आनंद! म्हणाली, "सावलीतलं काम आहे, पोरगी काळवंडणार नाही."

त्या दिवशी सकाळीच म्हाताऱ्याचा हात वर गेला. जिन थांबलं, खडा निघाला, जिन परत सुरू झालं. मी त्या वेळच्या गाठी मेहुण्याला हनुवटीनं दाखवल्या. त्यानं मान हलवली. मी डबा खायला गेलो.

परत आलो तर भिंतीपाशी काही नाही.

नुसती भिंत. जमिनीवर गाठींच्या चौकोनी खुणा. मेहुणा गाडीवर बसून पाणी पीत होता.

"इथल्या गाठी?"

"आत लावल्या, दाजी."

"कुणी सांगितलं?"

त्यानं गळ्यातलं यंत्र उचलून दाखवलं. "हिनं. सारखी बोंबलत होती. मालकाच्या फोनवर लाल दिसतं म्हणे. मी ठेवल्या होत्या की भिंतीपाशी! पण ही गप्प बसेना, म्हणून..." माझं तोंड बघून त्याला उमगलं असावं.

मी गोडाऊनकडे चाललो. पळालो नाही. पळालो असतो तर सगळे पळाले असते. आमचं गोडाऊन छतापर्यंत गाठींनी भरलेलं, मधून गाडी कशीबशी जाईल एवढ्या गल्ल्या. दार एकच. मागचं दार गाठींच्या आड गेलेलं. आणि माझी पोरगी सगळ्यात मागच्या रांगेत.

मी पहिल्या गाठीवर तळवा ठेवला. गार. दुसरी, गार. तिसरी. सगळ्या एकसारख्या, पांढऱ्या, चिठ्ठी लावलेल्या. कुठली माझी, कुठली कालची, काय कळणार? नाकानं ओढून पाहिलं. रुईचा वास, दुसरं काही नाही. एकदा वाटलं जळकट आला. मग वाटलं नाही आला. घाम डोळ्यात उतरला.

"बाळा," मी हाक मारली, "बाहेर ये."

आतून आवाज आला, "बाबा, एवढी ओळ झाली की येते."

"आत्ता ये."

"काय झालं?"

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. आयुष्यभर गिळलेला शब्द. "आईनं बोलावलंय," मी म्हणालो.

"आईचा फोन माझ्याकडे आहे, बाबा. कशी बोलावेल?" ती हसत होती. आत, त्या गाठींच्या मध्ये, माझी लेक हसत होती.

दारापाशी टेबल टाकून मगबाई बसली होती. माझ्याकडे बघून उठलीच. "काका, काय होतंय? बसा, पाणी आणू?"

"आग," मी म्हणालो. एवढ्या मोठ्यानं की माझं मलाच दचकायला झालं. "एका गाठीत आग आहे. सकाळच्या. आत लावलीय."

पोरीचं हसू थांबलं. बाहेर मेहुण्यानं गाडी बंद केली, तेही ऐकू आलं.

बाई "मग पुढे?" म्हणाली नाही. म्हणाली, "सकाळी कधी?"

"जिन थांबलं होतं तेव्हा."

तिची बोटं पडद्यावर पळाली. "इथं मध्येच खंड आहे. बराच वेळ गाठच निघाली नाही. याच्या आधीच्या की नंतरच्या?"

"दोन्हीकडच्या. चार-पाच."

तिनं नंबर वाचले. बघतो तर यंत्रानं त्या प्रतवारीप्रमाणं पांगवलेल्या. एक दाराजवळ, दोन मधल्या गल्लीत, एक अगदी मागं. मागची रांग तिनं वाचली आणि आतून पोरगी म्हणाली, "ही इथंच आहे, माझ्या पाठीशी."

"हात लावू नको! बाहेर ये!"

पण लेक कुणाची? हात लावलाच. मग ती हळू म्हणाली, "बाबा, ही कोमट आहे."

मी आत घुसलो. तळवा ठेवला. ताप आलेल्या पोराची पाठ लागते ना हाताला, तशी. एका पट्टीच्या कडेला रुई चहाच्या डागाएवढी पिवळी पडलेली.

आता पाणी मारून उपयोग नव्हता. दाबलेल्या गाठीत पाणी शिरत नाही. फोडायची तर तिथं नाही फोडायची, हवा लागली की संपलं. उचलून बाहेर न्यायची, एवढाच मार्ग. मेहुणा गाडी घेऊन आत आला. ओठ पांढरे.

"दाजी, वाटेत पट्टी तुटली तर?"

"तुटणार नाही. मी मारलीय."

खरं सांगतो, मला खात्री नव्हती.

पोरीला म्हटलं तू पुढं पळ. ती म्हणाली, "कोपऱ्यावर वळण त्याला दिसत नाही, मी दाखवते." आणि पाठमोरी चालायला लागली, गाडीच्या पुढं, गाठीच्या पुढं. "मामा, डावीकडं. अजून. थांब. आता ये." गाठ जागेवरून हलली तसं मेहुण्याच्या गळ्यातलं यंत्र किंचाळायला लागलं. ते बंद करायला कुणाचा हात मोकळा? त्या बोंबलण्यात आम्ही इंच-इंच सरकत होतो. माझा हात गाठीवर, गाठीला गाठी घासताहेत, पट्टीचा करकर आवाज येतोय, आणि समोर तिचे हात हलताहेत. एका वळणावर पट्टी टण्णकन वाजली. आम्ही तिघंही दगड झालो. तुटली नव्हती, सरकली होती. मेहुणा तोंडातल्या तोंडात बहिणीचं नाव घेत होता.

बाहेर भिंतीपाशी म्हातारा आणि बाकीचे पाण्याचे पाइप धरून उभे. गाठ खाली ठेवली, पोरीला लांब ढकललं, लांब दांड्याच्या कोयत्यानं पट्ट्या तोडल्या. गाठ फुगली, उघडली. आत मुठीएवढी काळी पोकळी होती. एवढीशीच. मग तिला वारा लागला आणि जाळ माणसाच्या उंचीचा झाला. रुई अशी पेटते की आवाज होत नाही. पाणी मारून मारून तिचा चिखल केला.

बाकीच्या गाठीही मग एकेक करून भिंतीपाशी आल्या. त्या थंड होत्या. म्हणजे अजून तरी.

मगबाई ओल्या चपलांनी तिथंच लॅपटॉप घेऊन उभी राहिली. रडून झालं असावं. "इथली जागा यंत्रात घालते," म्हणाली. "या गाठी आत न्यायला ते परत सांगणार नाही. नाव काय देऊ?"

"भिंत," म्हातारा म्हणाला.

"आणि गाठ इथं का ठेवायची? कारण काय घालू?"

माझी पोरगी म्हणाली, "आग." स्पष्ट. म्हाताऱ्याचा हात टपलीसाठी उचलला गेला, तिच्या डोक्यापर्यंत आला आणि तिथं नुसता टेकला.

घरी तिच्या आईनं तिला कवटाळलं, मला शिव्या घातल्या आणि सांगितलं, पोरगी उद्यापासून जाणार नाही. उद्या झाला. पोरगी माझ्या आधी गेटवर.

आता ती प्रत्येक गाठीवर आधी तळवा ठेवते, मग चिठ्ठी लावते. मी प्रेस सोडून दारातून बघत राहतो. तळवा ठेवला, उचलला, चिठ्ठी. ठेवला, उचलला, चिठ्ठी. मधूनच एखाद्या गाठीवर तिचा हात जरा जास्त वेळ राहतो. तेव्हा ती मान वळवून माझ्याकडं बघेपर्यंत मी श्वास घेत नाही.